रुळावरची कोनशिला

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या नव्या चित्रांना छप्पर नव्हते. कलाकेंद्र समितीला मात्र चहा, बिस्किटे आणि अध्यक्ष होते. माझा एक चित्रकार मित्र शाळेत चित्रकला शिकवायचा. हातमागाचे कापड जोडून त्याने एक भलतेच लांब चित्र काढले होते. ते पूर्ण उलगडेल अशी जागा गावात एकच, मंगल कार्यालय, आणि तिथे लग्नाचे मुहूर्त चित्राआधी यायचे.

समितीने कलाकेंद्राची इमारत बांधायचे ठरवले, तेव्हा वास्तुकार म्हणून मी स्वस्तातला आराखडा केला. छताला आधार म्हणून लोखंडी कैच्या, वर कौले, लांब हॉल आणि मधोमध रुळांवर सरकणारी लाकडी भिंत. लावली की इकडे प्रदर्शन, तिकडे नाटकाची तालीम. सरकवली की मित्राचे चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत. बैठकीत मी 'लवचिक इमारत' असा शब्द वापरला आणि तिथेच फसलो.

"लवचिक म्हंजे? हलते का बिल्डिंग?" अध्यक्षांनी विचारले. त्यांचा कापसाचा व्यापार होता आणि हलणाऱ्या गोष्टींत त्यांना फक्त भाव ठाऊक होते.

"बिल्डिंग नाही, भिंत हलते."

"काहून हलवता हो साहेब? लोक म्हणतीन, अध्यक्षानं कच्चं काम केलं."

भिंत हवी तेव्हाच हलेल, हे मी परोपरीने समजावले. सगळ्यांनी माना हलवल्या. माना तेवढ्या लवचिक होत्या.

इमारत उभी राहिली आणि उद्घाटनाआधी मी दुसऱ्या कामासाठी सावनेरला गेलो. परतलो तर दारासमोर, सरकत्या भिंतीवर, अध्यक्षांच्या आणि मंत्र्यांच्या नावांची संगमरवरी कोनशिला. लाकडाला दगडाचा भार पेलेना, म्हणून खालून रुळांवर विटांचे बांधकाम. वरून चुना.

"आणि चाकं?"

"हौ, आहेत ना," अध्यक्ष समाधानाने म्हणाले. "आतच आहेत. तुमचं काही फेकलं नाही."

मित्राचे चित्र अर्ध्या हॉलमध्ये मावेना. समितीने ते कोपऱ्यात काटकोनात दुमडून खिळे ठोकले. मंत्री आले, कोनशिला वाचली, हार घेतले आणि चित्राकडे पाठ करून भाषण केले. विषय होता कलेचे स्वातंत्र्य. 

संध्याकाळी मित्राने स्वतःच खिळे उपटले. दुमडीवरचा रंग तडकून खाली पडला होता. त्याने कापडाची गुंडाळी खांद्यावर घेतली.

"तुही भिंत काही वाकली नाही गा," तो म्हणाला. "चित्रालेच वाकवलं."