उभ्याने न हसणारे मास्तर

शिंपीमास्तर दुकानात पेंगायचे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाईक हात पसरून उभं राहायचं, मास्तर छातीभोवती टेप धरायचे, आणि आकडा सांगता सांगता त्यांचा आवाज विरून जायचा. गिऱ्हाईकंही जुनी, मुरलेली. ती तशीच हात पसरून उभी राहायची, रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलून घ्यायची. मग मास्तर डोळे उघडून उरलेला आकडा पुरा करायचे, जणू मधे काही झालंच नाही.

हा आजार असेल, असं त्या काळी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. लहानपणी गुरुजींनी पेंगतो म्हणून बाकावर उभं केलं, तर हे बाकावर उभ्याउभ्या झोपले. वडील म्हणायचे आळस, आई म्हणायची अशक्तपणा. आजोबा तेवढे खूश होते. त्यांचं म्हणणं, पोरगं साहेब होणार, कारण त्यांनी पाहिलेले सगळे साहेब दिवसाच झोपत.

साहेब काही झाले नाहीत, शिवणकाम मात्र विचार करून धरलं. पाय थांबला की मशीन थांबतं, त्यामुळे झोप लागली तरी बोट शाबूत. भीती कात्रीची. ती त्यांनी इतक्या उंच खिळ्याला टांगली होती की काढायची तर उठावं लागे, टाचा उंचवाव्या लागत. एवढं करण्याइतका जागा असलेला माणूसच कापड कापणार, हा त्यांचा नियम. जेवण झालं की दुकानाचा पडदा ओढून ठरवून डुलकी घ्यायची आणि कापायचं काम त्यानंतरच. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही दुपारच्या झोपेचाच सल्ला दिला, तेव्हा मास्तर गालात हसले. बसलेले होते, म्हणून हसले.

कारण झोप ही त्यांच्या दुखण्याची अर्धीच बाजू. उरलेली अर्धी त्यांनी जगापासून दडवली होती. मनापासून हसू आलं की मास्तरांच्या अंगातला जोर निघून जायचा. आधी जबडा सैल, मग मान, मग गुडघे, आणि माणूस खुंटीवरून सदरा घसरावा तसा खाली. मजा म्हणजे त्या वेळी ते झोपलेले नसत. सगळं ऐकू येई, सगळं कळे, फक्त बोटही हलत नसे. लहानपणी मोठ्या भावाने एक नक्कल केली आणि हे अंगणात कोसळले, तेव्हा डोक्याशी उभे राहून वडील म्हणाले होते, "नाटकं करतोय. पडू दे." ते शब्द मातीत गाल टेकलेल्या पोराने नीट ऐकले. तेव्हापासून त्याने हसणंच सोडलं. विनोद होणार असं वाटलं की गाल आतून चावायचा आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचं.

आणि अशा माणसाला बायको कशी मिळावी? तर मास्तरीणबाईंचे वडील सिनेमा थिएटरात दारावर तिकिटं फाडायचे. बाईंचं लहानपण तिथल्या शेवटच्या रांगेत गेलेलं. विनोदी सिनेमा तर एकही सोडला नव्हता. अंगठ्याएवढा जीव, पण नक्कल करायला लागल्या की जाडा हवालदार, तोतरा वकील, भांडकुदळ सासू, सगळे एका पदरातून बाहेर. सासूचीही नक्कल सासूसमोर केली. सासूबाई पोट धरून भिंतीशी बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा कर गं, ते चष्मा शोधण्याचं."

अख्खं घर हसायचं. एक नवरा सोडून. बाईंनी हवालदार सुरू केला की मास्तर उठायचे आणि दुकानात काम आहे म्हणून निघून जायचे. पडद्यामागे जाऊन, कापडाच्या ताग्यांवर आडवे पडून, बिचारे एकटे हसून घ्यायचे. ते कुणी पाहिलं नाही. बाईंनी पाहिली ती फक्त जाणारी पाठ.

सुरुवातीला त्यांना वाटलं, शांत स्वभाव असेल. मग वाटलं, आपलं बोलणं उथळ वाटत असेल. दुकानातही त्यांनी प्रयत्न करून पाहिला. मास्तरांचा पाय कधीकधी झोपेतही थांबायचा नाही, मशीन चालूच राहायचं. डोळे अर्धे उघडे, हात कापड सरकवताहेत आणि माणूस आत नाही. अशातच एकदा त्यांनी एका पोस्टमनच्या शर्टाचा खिसा चारही बाजूंनी शिवून टाकला. पोस्टमन तक्रार घेऊन आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, चुकीचा नाही तो. यात टाकलेलं पत्र हरवायचंच नाही." पोस्टमन दुकानाच्या पायरीवर हसत बसला. मास्तरांनी खाली मान घालून टाके उसवले. ओठसुद्धा हलला नाही.

त्यानंतर बाई हळूहळू गप्प होत गेल्या. हवालदार गेला, वकील गेला. जेवताना भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच बोलणं उरलं. आपल्या घरातलं काय हरवत चाललंय, हे मास्तरांना बरोबर कळत होतं. सांगून टाकावं असं रोज वाटे. पण सांगितलं तर आपल्याला काही होईल या भीतीने ही विनोद करणं सोडून देईल, ही धास्ती. न सांगताच तिने ते सोडलं, तरी मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना.

अशात तो सिनेमा आला. त्यात एक झोपाळू काका होता. सूप पिताना बशीत तोंड घालून झोपायचा, शिडीवर झोपायचा, गाडी चालवताना झोपायचा. पडायचा तो धाडकन, लाकडाच्या ओंडक्यासारखा, आणि जमिनीला डोकं टेकायच्या आत घोरायला लागायचा. सारं गाव खुळावलं. येताजाता पोरं मास्तरांच्या दुकानासमोर घोरून दाखवू लागली. न्हावी तर दारातून विचारून गेला, सिनेमावाल्यांनी तुम्हाला विचारून काढला की तसाच?

मास्तरांना बोलणी नवी नव्हती. पण एक दिवस त्यांनी मशीनचं काम बाजूला ठेवलं आणि बायकोला म्हणाले, "दुपारच्या खेळाला जाऊया."

बाई चमकल्या. म्हणाल्या, "तुमचीच टिंगल आहे त्यात."

"असू दे. तुला आवडतात ना असले सिनेमे."

आता मास्तरांचा बेत असा की गाल चावत दोन-अडीच तास काढायचे, तिला पोटभर हसू द्यायचं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर त्या काकावर त्यांना हसू आलंच नाही. उलट जाणकाराच्या नजरेने ते नाक मुरडू लागले. असं कुणी पडतं का? आधी जबडा कुठे सुटला? आणि एवढं पडून उठल्यावर लाज कुठे आहे याच्या तोंडावर? लोक खुर्च्यांवर उड्या मारत होते, आणि मास्तर परीक्षेला बसवल्यासारखे ताठ.

बाईही हसत नव्हत्या. शेजारच्या ताठ माणसाकडे चोरून बघत होत्या. पडद्यावर काका कुणाच्या तरी लग्नात नवा कोट घालून आला. कोटाची एक बाही बोटांपर्यंत, दुसरी कोपराच्या जरा खाली. बाईंना राहवलं नाही. कितीतरी दिवसांनी त्या मास्तरांच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "अहो, कोट तुमच्याकडेच शिवलेला दिसतोय. दुपारचा."

झालं. गाल चावायलाही वेळ मिळाला नाही. मास्तरांचा जबडा सुटला, मान छातीवर आली आणि अख्खा माणूस खुर्चीतून घसरत दोन रांगांच्या मधल्या फटीत गेला.

मागच्या रांगेतला एकजण ओरडला, "काका पडद्यावरून खाली आले रे!" चारी बाजूंनी हशा उसळला. मास्तरांना सगळं ऐकू येत होतं. त्या हशाचं काही वाटलं नाही. पण त्यातच अगदी जवळून बायकोचा आवाज आला. ती स्वतःशीच म्हणाली, "झोपले." एवढंच. एखादं दार कायमचं लावून घ्यावं तसा तो शब्द होता. मास्तरांनी सारा जीव ओठांपाशी गोळा केला. ओठ त्यांचे नव्हतेच. सांगायला हवं ते सगळं जिभेच्या मागे अडकून पडलेलं, आणि ती आता तोंड फिरवणार, हे त्यांना दिसत होतं.

बाई त्यांना उचलायला म्हणून वाकल्या. तेवढ्यात पडद्यावर लख्ख उजेड झाला. त्या उजेडात त्यांना मास्तरांचा चेहरा दिसला. डोळे अर्धे उघडे, त्यातून पाणी वाहतंय, आणि सैल पडलेल्या गालात काहीतरी थरथरतंय. बाईंनी उभ्या आयुष्यात हजारो हसरे चेहरे अंधारात पाहिले होते. शेवटच्या रांगेतून पोटात दुखेपर्यंत हसणारी माणसं पाहिली होती. चेहरा असा मोडलेला असला म्हणून काय झालं, हसू त्यांना ओळखता येणार नाही होय?

"अहो," त्या म्हणाल्या, "जागे आहात ना?"

मास्तरांची बुबुळं तेवढी हलली.

मागचा माणूस अजून घोरण्याची नक्कल करत होता. बाई वळल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झोपलेले नाहीत ते. माझ्या बोलण्यावर हसताहेत. तुम्ही तुमचा सिनेमा बघा."

अंगात जोर यायला फार वेळ लागला नाही. मध्यंतरात, लोक चहाला बाहेर गेले असताना, मास्तरांनी सगळं सांगितलं. अंगण, वडील, चावलेला गाल, कापडाच्या ताग्यांवरचं हसणं. पोस्टमनच्या खिशावर आपण दोन दिवस आठवून आठवून आडवे होत होतो, हेही सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग रागावल्याच. म्हणाल्या, "मी मेली इतकी वर्षं समजत होते, मलाच हसवता येत नाही."

त्या दुखण्याला नार्कोलेप्सी म्हणतात, हे पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हसताना गळून पडणं हा त्यातलाच भाग, ढोंग नव्हे, हेही सांगितलं. गोळ्या दिल्या. झोप पुरती गेली नाही, थोडी शहाणी झाली. घरात विनोदाआधी उशा मांडायची पद्धत पडली. नातवंडांना तर वाटायचं, सगळ्याच घरांतले आजोबा हसायच्या आधी जागा बघून बसतात. टीव्हीवर कुणी झोपाळू धाडकन पडला की मास्तर चष्मा वर करून म्हणायचे, "याला शिकवायला मला बोलवायला हवं होतं."

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी खेळ सुटला आणि दोघं चालत घराकडे निघाली. ऊन कललं होतं. समोरून तो मागच्या रांगेतलाच माणूस घाईघाईने गेला. त्याची चाल बघून बाईंच्या ओठांवर काहीतरी आलं. मास्तरांना ते दिसलं. आणि बाईंनी ते गिळलं, हेही दिसलं.

"काय गं?"

"काही नाही. तुम्ही उभे आहात."

रस्त्याच्या कडेला नाल्यावरच्या पुलाचा बुटका कठडा होता. मास्तरांनी तो हाताने झाडला, नीट टेकून बसले, दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि वर तिच्याकडे बघितलं.

"सांग आता," ते म्हणाले.