गायकवाडबाईंनी मागितलेला तास

निरोप आला तेव्हा मी वर्गात बादशहा होऊन मिशा पिळत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, गायकवाडबाई गेल्या." बादशहा होता तिथेच बाकावर बसला...

बाई अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या. उल्हासनगरच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी इतिहास. माझ्या तासाला पोरं हसायची, त्यांच्या तासाला घाम पुसायची. शाळा दुपारची. गणित कायम पहिल्या तासाला, कारण काय तर तेव्हा डोकी ताजी असतात! आठवीतली मनीषा त्या तासाला कधीच नसायची. सकाळपासून दोन फ्लॅटांतली लादी-भांडी, वर शेठाणीच्या दुपारच्या जेवणाची भांडी, मग उशिराने शाळा. स्टाफरूममध्ये ती 'ढ' म्हणून प्रसिद्ध. आईने बजावलं होतं, गणितात नापास झालीस तर शाळा बंद, आणखी घरं धर.

एक दिवस बाई माझ्यापुढे उभ्या. "सर, तुमचा मधल्या सुट्टीनंतरचा तास मला द्या. माझा पहिला घ्या."

"म्हणजे माझ्या लढाया मनीषासारख्या उशिरा येणाऱ्या पोरींशिवाय?"

"नाटकं नंतर करा. तुमची एक लढाई हुकली तरी पुढची कळते. माझे अपूर्णांक हुकले की पोरीला बीजगणित दिसतच नाही."

मी छातीवर हात ठेवून राज्य सोडलं. मुख्याध्यापक कुरकुरले, पण तास बदलला. मनीषा आली आणि नुसती फळ्याकडे बघत बसली.

"अगं, हे सहावीतलं आहे."

"बाई, सहावीत पण मी भांडीच घासत होते."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळा पुसला आणि सहावीपासून सुरू केलं. वार्षिक परीक्षेत मनीषा काठावर पास झाली. मी पेढे मागितले, तर म्हणाल्या, "कसले पेढे? जूनमध्ये पुन्हा हेच भांडण. दमले हो मी."

खरंच, दर जूनला नव्या वेळापत्रकात गणित पहिल्या तासाला जाऊन बसायचं आणि बाई मुख्याध्यापकांच्या दारात. मनीषा दहावी झाली. घरं काही सुटली नाहीत. तिच्यामागून तशाच दुसऱ्या आल्या. यंदा जूनमध्ये बाई अंथरुणावर होत्या. भांडायला कुणी गेलं नाही.

स्टाफरूममधल्या आम्हा सगळ्यांच्या खुर्च्या टेबलाकडे, बाईंची एकटीची गेटाकडे. परवा मी तीत बसलो. पहिल्या तासाची घंटा होऊन गेली होती. गेटातून दोघीतिघी पोरी पळत आल्या, बाह्या कोपरापर्यंत ओल्या... खुर्ची तशीच गेटाकडे ठेवून मी मुख्याध्यापकांकडे गेलो.