शफीकभाईंच्या कॅसेटची दुसरी बाजू

शहागंजात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या शफीकभाईंना हार्मोनियमच्या भात्याचं विचारा, ते तुम्हाला जर्मनीला नेऊन सोडतील. लई डोकं खातात! मी बन्सी, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. पत्ती बदलायला त्यांच्याकडं गेलो की अर्धा दिवस गेलाच समजा.

झालं असं, तीस वर्षांमागं वेरूळ बघायला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्याच्या व्हायोलिनची खुंटी यांनी बसवून दिली. त्यानं खुशीत एक कॅसेट दिली. त्यात एकटं व्हायोलिन, अन् मागं भला मोठा वाद्यवृंद. ते संगीत रचणारा जर्मन पावणेदोनशे वर्षांमागं वारलेला. "पण बघ बन्सी," शफीकभाई म्हणतात, "मागचे सुरू होतात न होतात, तोच व्हायोलिन बोलायला लागतं. प्रस्तावना नाय, काय नाय. ज्याचं दुखतं तो वाट बघत नसतो." शफीकभाईंना लिहिलेले स्वर वाचता येत नाहीत. नुसती कॅसेट मागं-पुढं करून या बाबानं अख्खं बोटात बसवलं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाय.

यंदा बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात वाजवणं सुटेल. त्याआधी एकदा, साथीला कुणी असताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, एवढंच त्यांचं मागणं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये पियानो मिळाला. सुट्टीत घरी आलेली आमच्या गल्लीतली श्रेया, पुण्यात पियानो शिकणारी, साथीला तयार झाली.

तालमीत पहिला भाग संपला. शफीकभाईंनी व्हायोलिन खाली ठेवलं अन् ते घोटभर पाणी प्यायले.

"चाचा, थांबलात का? इथं एक वाजवणारा सूर धरून ठेवतो. त्या सुरावरच पुढचा भाग सुरू होतो."

"नाय बेटी. इथं थांबतात."

तिनं मोबाइलवर ऐकवलं. खरंच, सगळे गप्प झाले तरी एक सूर मागं राहिला होता. शफीकभाईंचं तोंड उतरलं. नेमकी तिथंच त्यांच्या कॅसेटची पहिली बाजू संपायची. उठायचं, बाजू पलटायची, पाणी प्यायचं, परत बसायचं. ती विश्रांतीही त्यांनी त्या जर्मनाचीच धरली होती.

"तीस साल गलत बजाया," म्हणत ते व्हायोलिन पेटीत ठेवू लागले. "नाय वाजवायचं आता."

मला असा संताप आला! "अहो, एका सुरापायी? पोरी, तूच धर की तो."

"पियानोचा सूर विरून जातो, काका."

"व्हय का? मग मी धरतो! नवरदेव घोड्यावरून उतरेना, तेव्हा पाच-पाच मिनिटं धरलाय, गाल सुजेपर्यंत."

रविवारी हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं. पहिल्या रांगेत त्यांच्या घरच्या, रईसाभाभी. पहिला भाग संपला अन् मी सूर लावला. सवयीनं शफीकभाईंचा हात खाली आला, पाण्याच्या बाटलीकडं. मी वाजवता वाजवताच डोळे वटारले. हात थबकला. व्हायोलिन परत हनुवटीखाली गेलं अन् त्यांनी माझ्या सुरावर असा अलगद गज टेकवला, की भाभींनी ओढणी डोळ्यांना लावली. माझेही डोळे भरले, सांगायला लाज कसली? शेवटपर्यंत वाजवलं त्यांनी. कुठंच थांबले नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "बन्सी, इत्ते साल ये सूर कहाँ था रे?"

"तुमच्याच दुकानात बसला होता," मी म्हणालो. "तुम्ही बोलू कुठं दिलं!"