सात जागांचा कागद

चंद्रकांता तामोरे टाइप करायची तेव्हा मजकूर वाचत नसे. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण तिचं सगळं कसब त्यातच होतं.

बोईसरला पामच्या रस्त्यावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचा टायपिंगचा क्लास होता. सहा मशीनं, सहा लाकडी स्टुलं आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता. नव्या मुलीला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "मजकूर समजून घ्यायला जायचं नाही. समजायला लागला की बोटं अडखळतात. डोळ्यांनी उचलायचं, बोटांनी ठेवायचं. डोक्याला मध्ये येऊ द्यायचं नाही."

"मग बाई, डोक्याचं काय करायचं?" एखादी आगाऊ मुलगी विचारायचीच.

"डोक्यानं संध्याकाळी भाजी कसली करायची ते ठरवायचं."

मुली खिदळायच्या. पण वर्षभरात त्यांची बोटंही तशीच पळायला लागायची, आणि तारापूरच्या कारखान्यांच्या ऑफिसांत त्यांना नोकऱ्या लागायच्या.

चंद्रकांता मूळची नवापूरची. वडील ती पाच वर्षांची असताना गेले. आईच्या भावाने, दामूमामाने, तिला आपल्या घरी आणलं आणि मुलीसारखं वाढवलं. दामूमामा होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण भाचीला त्याने शिकवलं, पालघरला टायपिंगला घातलं. ती कळांकडे न बघता टाइप करते हे त्याने एकदा पाहिलं, तेव्हापासून किनाऱ्यावर जो भेटेल त्याला सांगायचा, "आमची चंदी आंधल्यावानी लिवते, पन एक अक्षर चुकत नाय!"

तिने लग्न केलं नाही. एका रसायनाच्या कारखान्यात नऊ वर्षं टायपिस्ट होती, मग १९८३ साली स्वतःचा क्लास काढला. साठवलेलं होतं त्यातून मशीनं घेतली. रिबिनी मात्र ती कधी कंपनीच्या घेत नसे. पालघरच्या दुकानात साध्या, विनानावाच्या रिबिनी निम्म्या किमतीत मिळायच्या. तिची स्वतःची एक परीक्षा होती. नवी रिबीन चढवली की एक ओळ टाइप करायची, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि ओळीवरून अंगठा जोरात फिरवायचा. शाई पसरली तर रिबीन परत. नाही पसरली तर पास. पंधरा वर्षांत या अंगठ्याने तिला कधी फसवलं नाही.

सत्त्याण्णव साली तिने कॉम्प्युटर आणि छोटा शाईचा प्रिंटर घेतला. टायपिंगला मुली कमी यायला लागल्या होत्या. मराठी अक्षरांची मांडणी टाइपरायटरचीच होती, त्यामुळे तिला फार शिकावं लागलं नाही. अर्ज, निमंत्रणं, सोसायट्यांच्या नोटिसा असं काम मिळू लागलं.

पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी दामूमामा पहिल्या एस.टी.ने तिच्या दारात येऊन उभा राहिला. छाती भात्यासारखी वाजत होती. डॉक्टरांनी त्याचं समुद्रावर जाणं बंद केलं होतं.

"दार लाव," आत आल्या आल्या तो म्हणाला. "कोन हाय का आत?"

"कुणी नाही मामा. सुट्टी आहे मुलींना. चहा टाकते."

"चहा मागनं. तुजा तो डबा चालू कर. लिवायचं हाय."

लिहायचं होतं ते असं. नवापूरसमोर समुद्रात सात जागा होत्या. पाण्याखाली खडक, आणि त्या खडकांच्या आसऱ्याला घोळ, दाढा असे मोठे मासे. त्या जागा दामूमामाला त्याच्या बापाने दाखवल्या होत्या, त्याला त्याच्या बापाने. पाण्यावर काही खूण नसते. खुणा सगळ्या जमिनीवर. देवळाचा कळस अमक्या माडाच्या मागे गेला, अणुशक्तीची चिमणी तमक्या डोंगराच्या खाचेत आली, की ती जागा. दामूमामाने आजवर या जागा कुणाला सांगितल्या नव्हत्या. तिकडे जाताना दुसऱ्याची होडी दिसली तर तो वाट वाकडी करायचा आणि भलतीकडे बघत बिडी ओढत बसायचा. त्याचा मुलगा पुंडलिक दहा वर्षं बोईसरच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद पडला आणि तो घरी आला. होडी आता त्याला चालवायची होती.

"त्यालाच समोर बसवून सांग ना मामा."

"सांगितलं तर त्याच्या पोटात ऱ्हायाचं नाय. चार दोस्त भेटले की ओकंल. नारळीपुनव झाली, होडी पान्यात गेली, की हातात कागद ठेवीन. मोठी अक्षरं काढ. होडी हलते, त्याला वाचता यायला पायजे. तुज्या जुन्या मशीनची मुंग्यांवानी अक्षरं नकोत."

म्हणून टाइपरायटर नको, कॉम्प्युटर. दामूमामा डोळे मिटून सांगत गेला, जागेमागून जागा, किती वाव पाणी, भरतीला कुठून शिरायचं, जाळं कुठे अडकतं. चंद्रकांता टाइप करत गेली. नेहमीसारखी, कानांनी उचलून बोटांनी ठेवत. दीड तास लागला.

छापायला घेतलं तर चौथ्या ओळीपासून अक्षरं फिकी होत होत नाहीशीच झाली. शाईचं कार्ट्रिज संपलं होतं.

"स्टेशनजवळून नवं आणते. पंधरा मिनिटांत येते मामा."

"आन. शाई चांगली घाल गो, कागद टिकाया पायजे."

दुकानदाराने काउंटरवर दोन खोकी ठेवली. एक प्रिंटरच्या कंपनीचं. दुसरं पांढरं, नुसता नंबर छापलेलं, त्याच प्रिंटरला चालणारं, किंमत तिसरा हिस्सा.

"मॅडम, अंदर माल एक ही है. डब्बे का पैसा लेते हैं वो लोग."

चंद्रकांताने आजवर कंपनीचंच नेलं होतं. त्या दिवशी तिचा हात कंपनीच्या खोक्यावर गेलाही होता. मग तिच्या मनात आलं, रिबिनींच्या बाबतीत हेच तर आपण पंधरा वर्षं बघत आलो. नाव वेगळं, शाई तीच. आणि काम आहे एका कागदाचं. तिने पांढरं खोकं उचललं.

घरी आली तर दामूमामाने आपला पंचा कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकून झाकून ठेवला होता आणि स्वतः दाराकडे तोंड करून राखणीला बसला होता. तिला हसू आलं.

कागद निघाला. मोठी, काळीभोर अक्षरं. तिने दहा आकडे मोजले, कडेच्या ओळीवरून अंगठा फिरवला. शाई जागची हलली नाही. पास.

"चांगलीच आहे शाई," ती म्हणाली. "मामा, लॅमिनेशन करून आणू का? वर प्लॅस्टिक बसवतात. समोरच दुकान आहे."

"कोनाचं?"

"तो चंद्रभान. मुरब्याचा."

"मुरब्याचा?" दामूमामा जवळजवळ उठलाच. "त्यापरीस सरल मुरब्याच्या बंदरात, तिथल्या होडीवाल्यांपुढं नेऊन वाच ना!"

तिने दुसरी प्रत काढते म्हटलं, तेही नको. उलट डब्यातलं पुसून टाक म्हणाला. तिने त्याच्यादेखत पुसलं. डब्याच्या आतल्या कचऱ्यातही राहतं, हे खरं सांगितलं, म्हणून तेही पुसायला लावलं. फिका निघालेला पहिला कागद त्याने स्वतः चुलीत घालायला मागितला. तिच्याकडे गॅस होता, त्यावर धरून जाळला. मग मोठा कागद चार घड्या घालून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, पिशवी बंडीच्या खिशात. मग कुठे चहा प्यायला.

आषाढात दामूमामा गेला. जाण्याआधी दोन दिवस त्याने कागद पुंडलिकच्या हातात दिला होता, होडी पाण्यात जाईपर्यंत उघडायचा नाही असं बजावून.

नारळी पौर्णिमेनंतर आठ-दहा दिवसांनी पुंडलिक बोईसरला आला. तो खोलीत बसेना. उभ्यानेच त्याने दुधाची पिशवी काढली, त्यातला कागद उलगडून टेबलावर ठेवला.

कागदावर एकही अक्षर नव्हतं. निळसर, जांभळट ढग होते. घडी असेल तिथे रेघा, बाकी सगळं एकात एक विरघळलेलं.

"पयली जागा सापडली ताय," तो म्हणाला. "बरोबर बानं सांगितली तशी. घोळ गावली दोन. मी खूश. दुसरी बघाया कागद काढला, हात वले व्हते. बघता बघता अक्षरं चालाया लागली. पुसाया गेलो तं आनखी गेली."

चंद्रकांताने कागद उजेडाला धरून पाहिला.

"डब्यात आसंल ना? परत काढ."

"नाही रे. मामानं पुसायला लावलं."

"मग तूच सांग. तू लिवलंस ना?"

ती डोळे मिटून बसली. मामाचा आवाज आठवत होता, त्याचा खोकला आठवत होता. पंच्याने झाकलेला पडदा आठवत होता. कळस, माड, खाच हे शब्दही आठवत होते, पण कुठला माड, कुठली खाच, कितवी जागा, ते काही नाही. त्या दीड तासात ती मामाची छाती किती वाजते आहे एवढाच विचार करत होती.

"पहिल्या जागेला देवळाचा कळस..."

"पयली मलापन ठावं हाय," पुंडलिक हळूच म्हणाला. "ऱ्हाऊं दे ताय. कागद तो कागद. समुद्रात कसा टिकंल."

तो गेल्यावर तिने पालघरचा कॉम्प्युटरवाला बोलावला. तीन महिने झाले, त्यावर बरंच काही लिहून झालं, आता निघणार नाही, असं सांगून तो गेला. मग तिने जुन्या मशीनला कोरा कागद लावला आणि बोटं कळांवर ठेवली. डोक्यात नसेल तर बोटांत असेल. 'दुसरी जागा' एवढं उमटलं. बोटं पुढे गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती स्टेशनजवळ जाऊन कंपनीचं कार्ट्रिज घेऊन आली. एकेक ओळ तीन कागदांवर काढली: एक कंपनीच्या शाईने, एक पांढऱ्या खोक्यातल्या, एक टाइपरायटरच्या त्या विनानावाच्या रिबिनीने. तिन्ही कागद ताटात ठेवले आणि वर मिठाचं पाणी ओतलं. पांढऱ्या खोक्यातली ओळ वाहून गेली. कंपनीची काळी ओळ होती तशी राहिली. रिबिनीची तर तसूभर हलली नाही. रिबिनीला तेलाची शाई असते हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती बोटांवरून घासलेटानेच काढायची, पाण्याने कधी गेली नव्हती. पण दुकानात उभी असताना हे तिला आठवलं नाही. मामा ज्यांना मुंग्या म्हणाला त्या अक्षरांत लिहिलं असतं तरीसुद्धा चाललं असतं.

दिवाळीपर्यंत तिने हे कुणाला सांगितलं नाही. पुंडलिक अंदाजाने जागा शोधत फिरला. दोनदा जाळं खडकात अडकून फाटलं. सगळ्यांच्या होड्या पहिल्या जागेचा माग काढत आल्या आणि तिथलेही मासे कमी झाले. दिवाळीनंतर होडी किनाऱ्यावर ओढलेली होती आणि पुंडलिक पुन्हा बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्टला यायला लागला होता.

एका दुपारी नवापूरच्या एस.टी.च्या रांगेत तो तिला दिसला. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. दोन खोकी, आपला हात कुठल्या खोक्यावर गेला होता आणि उचललं कुठलं, ताटातलं पाणी.

एस.टी. आली, रांग पुढे सरकली.

"बा दोन म्हयने घरात खाटंवर व्हता ताय," तो शेवटी म्हणाला. "मी एक दिस इचारलं नाय का बा, सांग. कागद येनार हाय म्हनून निवांत ऱ्हायलो. तू निदान लिवलंस तरी."

तो चढला. खिडकीतून त्याने हात केला. तिने सगळं सांगितलं होतं, तरी मन हलकं झालं नाही.

क्लास पुढेही बरीच वर्षं चालला. कुणी काही छापायला आणलं की चंद्रकांता आधी एक प्रश्न विचारायची, "याला पाणी लागणार आहे का?"

"बाई, सत्यनारायणाचं आमंत्रण आहे. त्याला कसलं पाणी?" लोक हसायचे.

"लागणार नाही ना? मग ठीक," असं म्हणून ती मजकूर हातात घ्यायची आणि पहिल्यांदा सबंध वाचून काढायची, शेवटच्या अक्षरापर्यंत. मगच टाइप करायची. तिचा वेग त्यामुळे निम्म्यावर आला, आणि मुली तिच्या पाठीमागे म्हणायच्या, बाई आता म्हाताऱ्या झाल्या.