अंगणातली आंघोळ

आमच्या तांड्यात सासऱ्यासमोर सुनेच्या डोक्यावरचा पदर ढळत नाही. मीही तो वर्षानुवर्षं सांभाळला. त्या दुपारी मात्र तो कमरेला खोचला आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचे कपडे उतरवले. बोला, काय बोलायचं ते.

त्या वर्षी अळीने कहर केला होता आणि कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्याही वर गेली होती. दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवायची आणि वर नोझल धरून फवारायची, ही आमच्याकडची रीत. अर्धं औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर पडायचं. नवरा शेतातून आला तो भिंत धरत. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ, अंगाला कापरं. "थंडी वाजून आली," म्हणत सासऱ्यांनी त्याला ओल्या कपड्यांसकट वाकळेत गुंडाळलं. सासूबाई दुधाचा गिलास घेऊन आल्या.

दिराला गाडी आणायला पळवलं आणि मी फोन काढला. नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, तर धडाधड उत्तरं. ताक पाजा, तूप चाटवा, मिठाचं पाणी देऊन ओकारी काढा. खाली हात जोडल्याची चित्रं. असा संताप आला! इथे माझा माणूस चालला होता आणि यांना वैद्यकी सुचत होती. ग्रुप बंद केला, ओट्याच्या टोकाला जाऊन रेंज पकडली आणि स्वतः शोधलं. शेतकी खात्याचं एक पान उघडलं. भाषा जड होती, पण मतलब कळला. विष कातडीतून आत जातं. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, ओकारी काढू नका, औषधाच्या बाटल्या घेऊन दवाखाना गाठा.

मी वाकळ ओढली.

"कापऱ्यात आंघोळ घालून पोराले मारतं काय?" सासरे गरजले.

"थंडी नाही मामाजी, जहर हाये अंगावर. सरका."

"मोबाइल काय डॉक्टर हाये?"

"नाही. पण डॉक्टरपाशी जिता न्या लागंन ना!"

हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मी त्याला अंगणात बसवलं आणि केसांपासून टाचांपर्यंत घासलं. शेजारणींनी तोंडं फिरवली. सासूबाई क्षणभर घुटमळल्या, मग गिलास खाली ठेवून पाणी ओतू लागल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या. धुतलं ते बरं केलंत, म्हणाले, पण आत्ताच काही सांगता येत नाही. पुढचे कित्येक दिवस मी वॉर्डाबाहेरच्या फरशीवर काढले.

तांड्यात तोवर बोभाटा झाला होता, की बाईनं नवऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडली. सासऱ्यांनी माझ्याशी अबोला धरला. धरेनात का! ज्याचा आवाज मला ऐकायचा होता, तो बरा होऊन घरी आला होता आणि बाजेवर बसून चहासाठी माझ्या नावाने ओरडत होता.