बाबा नागपूरचे

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी लखनौमध्ये केलं. २००९चा ऑगस्ट होता, घरमालकांच्या व्हरांड्यात बसले होते आणि हातात त्यांचाच चहा होता.

मी तेव्हा तिथल्या एका संशोधन संस्थेत नेच्यांवर काम करत होते. नेचे म्हणजे ओल्या भिंतींवर, विहिरीच्या कडेला उगवणारी ती बिनफुलांची झाडं. पण नावामागे ‘डॉक्टर’ लागलेलं, त्यामुळे गोमती नगरमधल्या आमच्या गल्लीत मी ‘डॉक्टर साहिबा’. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला पित्त झालं की मला विचारायचं. सुरुवातीला मी सांगून बघितलं की अहो, मी झाडपाल्यातली आहे, माणसांतली नाही. मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर मान मिळत होता आणि मला तो गोड लागत होता.

घर मिळायला नाकी नऊ आले होते. एकटी, पस्तिशीची, बिनलग्नाची बाई म्हटल्यावर लोक दारातूनच विचारायचे, ‘पति कहाँ हैं?’ नाहीत म्हटलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी हे म्हातारं जोडपं भेटलं. ते खाली राहायचे आणि वरचा मजला मला दिला. मी त्यांना अंकल-आंटी म्हणायची. मुलगा नोएडात नोकरीला, आणि सून बाळंतपणासाठी सासूजवळ येऊन राहिलेली, सातवा महिना लागलेला. कढी केली की आंटी वाटीभर वर पाठवायच्या, मी पोहे केले की खाली जायचे. मी मूळची कुठली हे त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. तिकडे आम्ही सगळे ‘बंबईवाले’. पुणं काय नि परभणी काय, त्यांना सारखंच.

त्या दिवशी टीव्हीवर पुणं दाखवत होते. रुमालांनी तोंडं बांधलेली माणसं, बंद शाळा, तपासणीच्या रांगा. स्वाइन फ्लूने तिकडे माणसं दगावायला लागली होती. हज़रतगंजच्या औषधवाल्यांकडे मास्क संपले होते आणि लखनौत तर अजून कुणी धड शिंकलंही नव्हतं. आंटींनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘डॉक्टर साहिबा, आप बताइए, डरने की बात है?’

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. मी चांगली मांडी ठोकून बसले आणि बोलत सुटले. गर्भार बाईला धोका जास्त. हात सारखे धुवा. गर्दीत जाऊ नका. आणि पुण्याहून कुणी आलं असेल तर आठवडाभर त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. अंकलनी टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकलं. सून मान हलवत होती.

वर आले तोच पुण्याहून बाबांचा फोन. ‘गाडीत बसलो गं.’

तिकीट जूनमध्ये काढलेलं. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला येत होते. गेल्या आठवड्यात मी सुचवून बघितलं होतं, बाबा, जरा पुढे ढकलू या का? तर म्हणाले, ‘ताप नाही, खोकला नाही, तिकीट आहे. ढकलायचं काय त्यात?’ मी धरून चालले होते की ते ऐन वेळी रद्द करतील. माझा बाप! टेलिफोन खात्यात जन्म काढलेला, लाईन कापली गेली तर स्वतः खांबावर चढणारा माणूस. तो तिकीट रद्द करणार होय!

बाबा चारबाग स्टेशनवर उतरले तेव्हा गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी आणि चेहऱ्यावर विजय. ‘काय सांगू तुला! झाशीच्या अलीकडे एकाने विचारलं, कहाँ से? म्हटलं, पुणे. दहा मिनिटांत अख्खा कंपार्टमेंट रिकामा. एवढा ऐसपैस मी लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा झोपलो नव्हतो.’

मला हसू आलं नाही. ऑटो सुरू झाल्यावर मी म्हटलं, ‘बाबा, एक करायचंय. खाली कुणी विचारलं तर तुम्ही नागपूरहून आलात.’

‘कुठून?’

‘नागपूरहून. तिकडे साथ नाहीये.’

बाबा म्हणजे सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. त्यापेक्षा ताप आलेला बरा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी सगळं सांगितलं. सुनेचं, माझ्या उपदेशाचं. एकट्या बाईला घर मिळायला काय लागतं तेही. म्हटलं, तुम्हाला काही झालेलं नाही हे मला माहीत आहे, मग उगाच घबराट कशाला? शेवटी म्हणाले, ‘तू म्हणशील तसं.’ आणि पार घर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

मला अपराधी वाटलं. पण मोकळंही वाटलं, हेही लिहिते.

गेटातच अंकल उभे. मी घाईघाईने बोलून टाकलं, ‘अंकलजी, मेरे पिताजी. नागपुर से.’ बाबांनी हात जोडले. अंकल म्हणाले, ‘तशरीफ़ लाइए, भाई साहब.’ आटोपलं. इतकं सोपं.

संध्याकाळी मी संस्थेतून परतले तर बाबा आणि अंकल व्हरांड्यात, मध्ये चांगलं हातभर अंतर सोडून, दोन खुर्च्यांवर. पुढचे दिवस तसेच गेले. बाबांचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली, आणि अंकलचं असं की ऐकत राहावं. तरी दोघांचं मेतकूट जमलं. एकदा मी जिना चढत होते, तेव्हा अंकलनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, ‘और भाई साहब, नागपुर में गर्मी कैसी पड़ती है?’ बाबा म्हणाले, ‘एकदम भट्टी!’ आणि दोघं खो-खो हसले. उन्हाळ्यात एवढं हसण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही. सून मात्र त्या वेळी कधी बाहेर दिसत नसे. माझा सल्ला पाळते आहे, असं मी समजले. बाबांच्या कपाळाला मी रोज सकाळी हात लावून बघायची. ते म्हणायचे, ‘अगं, मी नेचा नाही.’

आठवडा उलटला. बाबा ठणठणीत. मी मनातल्या मनात सुटले.

आणि मग एका संध्याकाळी खालून हाक आली. ‘डॉक्टर साहिबा, ज़रा आइए तो!’

सुनेला ताप भरला होता. अंगावर दोन चादरी आणि तरी दात वाजत होते. मी कपाळावर हात ठेवला तर चटकाच बसला. अंकल शेजाऱ्यांची गाडी मागायला गेले होते. आंटी पिशवी भरत होत्या. भरता-भरता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बिटिया, अस्पताल में डॉक्टर पूछेंगे। क्या-क्या बताएँ? आप बता दीजिए।’

तेव्हा बोलायला हवं होतं. पण मी म्हटलं, ताप कधी आला ते सांगा. खोकला आहे का ते. काय खाल्लं ते. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते.

‘और कुछ?’ आंटी माझ्याकडे बघत होत्या.

‘बस, इतकंच,’ मी मराठीतच म्हणाले, मग सावरून, ‘बस, यही।’

गाडी गेली. मी वर आले. बाबा दारातच उभे होते.

‘सांगितलंस?’

‘काय सांगू? तुम्हाला काही झालंय का? ताप आलाय का तुम्हाला? मग?’

‘ते डॉक्टर ठरवतील. तू नाही.’

‘बाबा, आता सांगितलं तर ते म्हणतील इतके दिवस खोटं का बोललीस! घर जाईल माझं. आणि तुम्ही इतके शांत कसे? तुम्हाला काहीच वाटत नाही? ती पोरगी पोटुशी आहे!’

काय बोलत होते मी! ज्यांना मी खोटं बोलायला लावलं त्यांनाच झापत होते. चोराच्या उलट्या बोंबा. बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर मीही चिडले असते आणि त्यात तेवढंच हलकं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘तू जा. तू सांगून ये.’

‘सकाळी जाते,’ मी म्हटलं.

रात्रभर कूस बदलत राहिले. आपल्याच घरात आपण काहीतरी आणून ठेवलंय, खालच्या मजल्यावर, त्या पोरीच्या अंगात, असं वाटत होतं. बाबांना काही न होताही त्यांच्याकडून ते जाऊ शकलं असेल का? मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टर साहिबाला माहीत नव्हतं! त्या रात्री मला माझी इतकी शिसारी आली की उठून दोनदा तोंड धुतलं.

सकाळी हॉस्पिटलात गेले. दारावरच मास्क लावलेले लोक, आणि कुणी खोकलं की चारी बाजूंना पांगणारे. आंटी वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. सुनेचा ताप जरा उतरला होता, रक्त तपासायला गेलं होतं. मी शेजारी बसले. तोंडपाठ करून आले होते, आंटी, मुझे आपसे एक बात कहनी है. ते वाक्य काही बाहेर येईना. मी विचारलं, रात्री झोप लागली का? विचारलं, चहा आणू का? विचारलं, मुलगा निघाला का नोएडाहून? आंटी प्रत्येकाचं उत्तर देत होत्या. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

‘रहने दीजिए, बिटिया। हमें मालूम है। भाई साहब पुणे के हैं।’

‘आपको… कैसे?’ मी विचारलं.

‘उन्होंने तो पहले ही दिन बता दिया था। आप दफ़्तर गई थीं, वो नीचे आए, गेट के बाहर ही खड़े रहे। बोले, मैं पुणे से हूँ, मेरी बेटी डर गई है, उससे कुछ मत कहिएगा। आप कहें तो मैं लौट जाता हूँ।’ आंटींनी पदर सारखा केला. ‘इन्होंने कहा, लौटेंगे क्यों, ज़रा दूर-दूर बैठ लेंगे। बहू को हमने अंदर रखा। और डॉक्टर को तो कल रात ही सब बता दिया।’

माझा सत्तरीचा बाप परक्या गावात, परक्या गेटाबाहेर उभा राहिला होता. माझी लाज राखायला. आणि ते हातभर अंतर, ते नागपूरचं ऊन, तो हशा! खालचा-वरचा मजला मिळून माझं खोटं सांभाळत होता आणि मी रोज ऐटीत जिना चढत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ‘आंटी…’ एवढंच म्हटलं आणि रडले. सॉरीसुद्धा नीट म्हणता आलं नाही.

तेवढ्यात अंकलचा फोन आला. आंटी उठून चार पावलं बाजूला गेल्या, पण मला ऐकू येत होतं. ‘हाँ, आई है… नहीं, बेचारी कह नहीं पाई। हमने ही कह दिया। आप भाई साहब से कुछ मत कहिएगा।’

सुनेला मलेरिया निघाला. औषधं लगेच लागू पडली, आणि पुढे दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी घरी आले तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं.

बाबांनी वरण-भात करून ठेवला होता. मी आत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, ‘सांगितलंस?’

त्यांच्या तोंडावर इतकी आशा होती! एवढ्या वयाचा माणूस, आणि पोराच्या निकालाची वाट बघावी तसा बघत होता. पहिल्या दिवशी काय केलं ते मला कळलंय, हे सांगावं असं फार वाटलं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं, की मला काहीच बोलता आलं नाही.

‘सांगितलं,’ मी म्हणाले.

‘तू होऊन?’

‘हो. मी होऊन.’

‘शाब्बास!’ बाबा म्हणाले, आणि माझ्या पानात स्वतःच्या हाताने तूप वाढलं. तो घास कसा गिळला, माझं मला माहीत.

संध्याकाळी ते खाली गेले. अंकल एकटेच व्हरांड्यात होते. मी भांडी घासायची म्हणून उठले आणि जिन्याच्या वरच्या तोंडाशी येऊन थांबले. बाबांचा आवाज खणखणीत, लांबच्या ट्रंक कॉलवर बोलायची सवय असलेला.

‘देखा ना भाई साहब? मैं बोला था ना आपको, वो अपने आप बताएगी! थोड़ा टाइम लगा, लेकिन बताया!’

खाली कप बशीत वाजला.

‘जी भाई साहब, बिल्कुल,’ अंकल म्हणाले. ‘ख़ुद आकर बताया। आपकी ही बेटी है।’

बाबा हसले. खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग ते माझ्या लहानपणीचं काहीबाही सांगू लागले, मी कशी कधी खोटं बोलायची नाही ते, आणि अंकल मध्ये-मध्ये ‘अच्छा? वाह!’ म्हणत होते. जिना समोरच होता. मी खाली उतरले नाही.