ताटातला शेवटचा घास

आमच्या शेजारच्या आनंदी पोंक्षे राजदूत म्हणून निवृत्त झाल्या. मुत्सद्देगिरी कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की त्या म्हणतात, "बिबवेवाडीत." लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला, खरंच आहे ते.

पोंक्ष्यांच्या बिबवेवाडीतल्या घरी पानात टाकायची सोय नव्हती. आवडो न आवडो, वाढलेलं संपवायचं. परदेशातल्या पहिल्याच नेमणुकीत तिथल्या एका मंत्र्यांनी आनंदीताईंना घरी जेवायला बोलावलं. यांनी शिरस्त्याप्रमाणे ताट लख्ख केलं. त्या देशात ताट रिकामं म्हणजे पाहुणा अजून उपाशी! यजमानांनी पुन्हा भात वाढला, बाईंनी पुन्हा संपवला. शेवटी पातेलं रिकामं झालं आणि मंत्र्यांनी हसत हात टेकले. अडून बसलेला करार त्यांनी पुढच्या आठवड्यात मार्गी लावला. ही बाई टेबलावरून उठणारी नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

बाईही शिकल्या. पुढे नोकरीभर त्या एक घास ताटात ठेवूनच उठायच्या.

निवृत्त होऊन त्या घरी परतल्या, त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आमटीभात झाला आणि सवयीने एक घास मागे राहिला. त्यांच्या नव्वदीतल्या आईने चष्म्यावरून ताटाकडे पाहिलं.

"सध्या कुठल्या देशात आहेस?"

आनंदीताईंनी निमूट घास उचलला.

"हे काय, आत्ताच पोहोचले."